कुणाच्या ढिगात?

"आजोबा, त्या जनावराला मोजे खायला तुम्ही शिकवलंत का?"

सुकन्या मॅडमनी हे इतक्या गंभीर तोंडाने विचारलं की मला हसूच फुटणार होतं. पण काल्हेरच्या त्या शाळेच्या ऑफिसात एसी चालू होता, मधे काचेचं टेबल होतं, आणि मुख्याध्यापिकेसमोर खुर्चीत बसायची माझी ही पहिलीच वेळ. आमच्या वेळी मास्तरांसमोर बसत नसत, उभे राहत. मी तर बहुतेक वेळा एका पायावर.

"मोजे ना? ते माझं," मी कबूल केलं.

"आणि एक शिंग?"

"शिंगं दोन हायेत, मॅडम. एक ती इसरली असंल."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. बाई वाईट नव्हती. तिला माझ्यासारख्या माणसाशी बोलायची सवय नव्हती, इतकंच.

तिने सांगितलं ते असं. आदल्या दिवशी दुसरीच्या वर्गात सुरक्षेचा तास झाला. भिंतीवर तक्ता लावला, मदतीचा नंबर मुलांकडून पाठ करून घेतला, आणि शेवटी बाईंनी विचारलं, तुम्हाला कुठे भीती वाटते, न लाजता सांगा. एकाने कुत्र्याचं नाव घेतलं, एकीने पालीचं. मग माझी नात पूर्वी उभी राहिली. म्हणाली, शाळा सुटल्यावर आमची व्हॅन भिंतीत शिरते. भिंत वर जाते, व्हॅन आत गेली की खाली येते. आत खोक्यांचे डोंगर आहेत. तिथे एक पिवळं जनावर आहे, ते दोन जिभा जमिनीवर टाकून डोंगर उचलतं आणि मागे मागे चालताना ओरडतं. मग अंधार होतो. मग ते सगळ्यांचा एकेक मोजा मागतं आणि खातं.

"अर्धा वर्ग खो खो हसला," मॅडम म्हणाल्या. "पण काही मुलं रडायला लागली, आजोबा. आज सकाळी एक मूल व्हॅनमध्ये बसेना. पालकांचे फोन येतायत. आम्ही भीती घालवायला तास घेतो आणि तुम्ही घरी बसून ती पेरता."

खरं सांगू? माझी छाती फुगली होती. सात वर्षांची पोर, उभी राहिली न् अर्धा वर्ग हसवला, उरलेला रडवला. हे मला उभ्या जन्मात जमलं नाही. माझ्या गोष्टींना लोक हसले, जांभया दिल्या, उठून गेले. रडलं कुणी नाही.

"शनिवारी व्हॅनच्या पालकांना बोलावलंय," मॅडम म्हणाल्या. "व्हॅनवाला मितेशही असेल, मुलंही असतील. तुम्ही मुलांसमोर उभं राहून एवढंच सांगायचं, की ही गोष्ट खोटी आहे, मी रचली आहे. सांगाल ना?"

"सांगीन की," मी म्हणालो. खोट्याला खोटं म्हणायला माझं काय जात होतं?

आता माझ्याविषयी थोडं. मी तुळशीराम, राहनाळचा. वडिलांची भातशेती होती तिथे आता गोडाऊन आहेत, आणि मी जन्मभर भिवंडीत लूमवर कांडी भरली. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. लूमच्या खडखडाटात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, तेव्हा गोष्ट सांगायची तर ती तोंडाएवढी असून चालत नाही, छपराएवढी लागते. एकदा ड्युटीवर डुलकी लागली आणि माझी मिशी सुताबरोबर कांडीवर गेली, तिचं कापडाचं अख्खं थान विणलं गेलं आणि ते इतकं मऊ निघालं की शेठने मला मिशी वाढवायची रजा दिली, ही माझीच गोष्ट. आमच्या खाडीतल्या जिताडा माशाने कंदील गिळला आणि पुढे कितीतरी अमावस्या खाडीत उजेड होता, ही पण माझीच. गावात कुणी काही अचाट बोललं की लोक म्हणतात, तुळशीचा पाहुणा दिसतो.

माझा मुलगा विशाल मानकोलीला एका मोठ्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. तो गोष्ट सांगत नाही, ऐकतही नाही. माल आला, माल गेला. त्यामुळे माझ्यामागे हे खातं बंद होणार, असं मी धरून चाललो होतो. आणि एका संध्याकाळी पूर्वी दप्तर टाकून माझ्या मांडीशी आली आणि म्हणाली, "आबा, आज ना आमची व्हॅन भिंतीत गेली."

मी काय विचारलं असेल? "मंग?"

"मग भिंत खाली आली."

"मंग?"

"मग तिथे एक पिवळं होतं."

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, चहूबाजूंनी गोडाऊन असलेल्या गावात तू राहतोस, तुला शटर आणि माल उचलणारी फोर्कलिफ्ट ओळखू येईना? येत होते की! पण मला वाटलं, पोर हुशार आहे. मी लूम आणि खाडी घेऊन गोष्टी रचल्या, हिने दारासमोर आहे ते घेतलं. रोज व्हॅनच्या काचेतून हेच तर दिसतं तिला. मला इतका आनंद झाला की मी लगेच हातभार लावला. ती म्हणाली, त्याला एक शिंग आहे. मी म्हणालो, दोन असतील, अंधारात एकच दिसलं असेल. तिचा एक मोजा हरवला होता, मी म्हणालो, त्यानेच खाल्ला. तिने डोळे मोठे केले आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मोजा तिच्या गोष्टीत गेला, आणि असा रोज एक मजला चढत गेला.

व्हॅन उशिरा यायची, पण त्याचं कुणाला काय वाटणार? आमच्याकडे उशिराला ट्रॅफिक हे एकच कारण असतं. नवरदेव आला नाही तरी लोक आधी मानकोलीच्या नाक्यावर चौकशी करतात.

शाळेतून घरी आलो तो मिशीला पीळ देतच. ओटीवर माझी बायको ठकुबाई चिंचा फोडत बसली होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं, मॅडमचा चेहरा पण करून दाखवला. ती हसली नाही. कोयता खाली ठेवून म्हणाली,

"अवं, ती पोर मोरीचा दार लावीत न्हाय."

"कंची मोरी?"

"आपली. आंघोळीला बसली का दार सताड उघडा. मी लावला तर किंचाळते. पान्याची बाटली रोज रिकामी आणते न् घरात शिरली का घटाघटा पिते. तुमी गोष्टी रचत बसा."

"लहान हाय. येडेपना करते," मी म्हणालो.

"ती येडेपना करनारी पोर हाय का? तुमी हाव."

मिशीवरचा माझा हात खाली आला. डोक्यात काहीतरी उलटं फिरायला लागलं, लूमचा पट्टा घसरल्यावर फिरतो तसं, आणि कुठे अडकलंय ते सापडेना. गोष्टीतल्या जनावराला भिऊन कुणी मोरीचं दार उघडं ठेवतं का? मी जिताड्याची गोष्ट सांगून गावाला हसवलं, पण खाडीवर जायचं कुणी टाकलं नाही.

पूर्वी आली. त्या दिवशीही घामाने फ्रॉक पाठीला चिकटलेला. मी तिला पाणी पिऊ दिलं, मग जवळ बसवलं.

"पुरू, काल वर्गात रडली ती कोन कोन गं?"

तिने नावं सांगितली.

"ती कुठं बसतात?"

"आमच्या व्हॅनमध्ये."

"आनि हसली ती?"

"ती त्यांच्या बसने जातात. नाहीतर पप्पा न्यायला येतात."

आता पट्टा कुठे घसरला होता ते मला दिसलं. जी हसली त्यांच्यासाठी ती गोष्ट होती. जी रडली त्यांनी गोष्ट ऐकलीच नव्हती.

पण मग माझं काय आणि तिचं काय? पंचाईत अशी की मलाच आठवेना. रोज संध्याकाळी दोघांनी मिळून बांधलेलं घर, त्यात कुठली वीट कुणी ठेवली, कसं सांगायचं? जिभा कुणाच्या? मागे चालताना ओरडणं कुणाचं? आणि शनिवारी मला उभं राहून म्हणायचं होतं, सगळं माझं, सगळं खोटं.

ठकुबाईच्या सुपात चिंचोके पडले होते. मी मूठभर उचलले.

"आपन एक खेल खेलू," मी पूर्वीला म्हणालो. "हा आबाचा ढीग. हा पुरूचा. आबानी सांगितला ते आबाच्या ढिगात. तू डोल्यानी बघितला ते तुझ्या ढिगात. खोटी बोलली तर आजी आऊट करनार."

"मोजा," ती म्हणाली आणि चिंचोका लगेच माझ्याकडे ठेवला. "मोजा तुम्ही सांगितला. माझा मोजा शाळेतच राहिलेला."

"शिंग?"

"दुसरं शिंग तुमचं. पहिलं माझं. म्हणजे शिंग नाही ते आबा, वर लाल लाइट आहे. फिरतो."

"जिभा?"

"माझ्या."

"भिंत?"

"माझी. मितेशकाका खाली ओढतात. कडकड आवाज येतो."

"अंधार?"

"माझा."

तिचा ढीग वाढत चालला. माझ्या ढिगात मोजा, दुसरं शिंग आणि 'जनावर' हे नाव एवढंच होतं. जन्मभराचा थापाड्या मी, आणि माझ्या वाट्याला एवढंसं! एरवी मला राग आला असता.

"आनि ते पिल्लू," मी म्हणालो. "ते रडनारा पिल्लू माझा." कारण एकदा ती म्हणाली होती, अंधारात कुणीतरी रडतं, आणि मी म्हणालो होतो, त्या जनावराचं पिल्लू असेल, भूक लागली असेल त्याला. मी चिंचोका माझ्या ढिगात ठेवला.

पूर्वीने तो उचलला. एकदा माझ्या ढिगाकडे पाहिलं, एकदा तिच्या.

"पिल्लू नाव तुमचं," ती म्हणाली. "पण रडत मी होते, आबा."

आणि तिने तो तिच्या ढिगात ठेवला.

ठकुबाई सूप उचलून आत गेली.

सून मृणाली संध्याकाळी घरी आली. ती भिवंडीत लॅबमध्ये काम करते. तिला मी सगळं सांगितलं. पण सवय वाईट असते हो. शटर पडतं म्हणताना माझा हातच वरून खाली आला, आवाज घोगरा झाला, डोळे फिरले. मृणालीने चप्पल काढता काढता ऐकलं.

"बाबा, प्लीज. मॅडमचा मला फोन आला होता. आता तुम्ही त्यात मितेशदादाला पण घेतलंत?"

"या वेली मी न्हाय घेतला गं. तो खरंच हाय त्यात."

"तो आपल्या रंगूमावशीचा मुलगा आहे. पूर्वीला ताप होता तेव्हा उचलून घरी आणलं त्याने. पूर्वी, इकडे ये. आबा सांगतात ते खरं आहे का?"

पूर्वीने माझ्याकडे बघितलं. "थोडं खरं आहे," ती म्हणाली. "मोजा खोटा आहे."

प्रामाणिक पोर. तिचं सगळं म्हणणं मोज्यावर घसरून पडलं. मृणाली म्हणाली, "बघा," आणि भाकरीचं पीठ घ्यायला गेली. विशालला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुमी एकदा बोललेलात आपल्या विहिरीत लोकलचा डबा हाय." बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मितेशने व्हॅनचा हॉर्न दिला. मी पूर्वीला गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं आणि दारात उभा होतो.

"पोटात दुखतं तिच्या," मी म्हणालो. हे मात्र माझ्याच ढिगातलं.

मितेश हसला. हसरा आहेच तो. गळ्यात चेन, कपाळाला टिळा, व्हॅनच्या काचेवर आईचं नाव. "मामा, शनवारी मना पन बोलावलाय. काय बोलता, मना राक्षस केला ना?"

"तुना न्हाय. गोडाऊनला केला."

"मंग मी कोन? त्याचा डायवर?" तो मोठ्याने हसला, आतली मुलं मात्र हसली नाहीत. मी खिडकीतून बघितलं. मागच्या सीटवर खाकी खोकी होती, मुलं त्यांच्यामध्ये बसली होती. एक लहानगा खिडकीला नाक लावून माझ्याकडे बघत होता. मला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते सुचलं नाही, आणि व्हॅन गेली. मला न सुचणं ही गावात बातमी झाली असती. कुणी पाहिलं नाही म्हणून बरं.

तो दिवसभर मी गोंधळलेला होतो. मितेशला मी त्याच्या लहानपणापासून ओळखतो. माझी मिशीची गोष्ट त्याला तोंडपाठ आहे. तो पोरांना दुखवील? मला तसं वाटेना. मग शटर कोण ओढतं? तोच. मग तो कसा माणूस झाला? गोष्टीत हे सोपं असतं. शिंगं लावली की कोण कोण आहे ते लांबून कळतं.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर आयाबाप. मितेश दाराजवळ हाताची घडी घालून उभा. सुकन्या मॅडमनी चांगलं भाषण केलं, की मुलांच्या मनातली भीती ही छोटी गोष्ट नसते. मग म्हणाल्या, "पूर्वीचे आजोबा तुम्हाला काहीतरी सांगणार आहेत."

मी उठलो तसे मागचे बाप आधीच हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "मामा, जिताडा होऊन जाऊ द्या."

ठकुबाईने सकाळी निघताना मला बजावलं होतं, हात पाठीमागे बांधा. मी खरंच हात मागे धरले. हात मोकळे राहिले असते तर त्यांनी शटर ओढून दाखवलं असतं, आणि तोंड त्यांच्यामागून गेलं असतं.

"शाला सुटली का मितेश व्हॅन घेऊन गोडाऊनमधी जातो," मी म्हणालो. "पोरं आत असतात. शटर खाली येतो. अंधार होतो. तो त्याचा काम करून येतो. मंग पोरं घरी येतात."

मी थांबलो. हॉल पण थांबला. सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत होते, जिथे व्हॅन उडणार होती, किंवा खोक्यातून कुणीतरी निघणार होतं.

"मंग?" मागून एकजण म्हणाला.

"मंग काय न्हाय."

"असं कसं? मोजे?"

"मोजे माझे. ते खोटे. शिंग दुसरा माझा. बाकी पोरीचा हाय."

माझ्या जन्मातली सगळ्यात वाईट गोष्ट होती ती. ना चढ, ना उतार, ना शेवट. लोक एकमेकांकडे बघायला लागले. हसावं की नाही हे कुणाला कळेना. मॅडमच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मला भलतंच सांगायला बोलावलं होतं. मृणालीने मान खाली घातली होती. मलाही क्षणभर वाटलं, आपण हे कुठून ऐकलं? खरंच झालं का हे?

तेवढ्यात सतरंजीवरचा तो खिडकीतला लहानगा, कुणाकडे न बघता, आपल्याच गुडघ्याला सांगावं तसं म्हणाला, "आत पंखा नाय."

बास, एवढंच. पण अशी थाप कुणी मारत नाही. मी साठ वर्षं थापा मारतोय, मला माहीत आहे. राक्षसाच्या पोटात पंखा नाही हे थापाड्याला सुचत नाही. त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, "मितेशकाका बोलतात, आवाज करायचा नाय, शेठ ओरडेल." मग एकेक मूल उठून मागे आपापल्या आईकडे जायला लागलं, कुणी न सांगता.

"अरे, एवढा काय त्यात?" दाराजवळून मितेश बोलला. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, तो खरंच चकित झाला होता. "मना पार्सलचा काम हाय रस्त्यात. माल भरायला टाइम लागतो थोडा. पोरांना बाहेर ठेवू का? बाहेर ट्रक, कंटेनर, कुत्री. कुनी उचलून नेला तर? उन्हात गाडी तापते. म्हनून आत सावलीत घेतो न् शटर लावतो. सेफ्टीसाठीच करतो, मॅडम! इचारा त्यांना, एका पोराला हात लावला का मी?"

"शटर बंद असताना तुम्ही कुठे असायचात?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज आता फार हळू झाला होता.

"मागं. हापिसात. सही न् शिक्का घ्यायला."

"आणि मुलं? गाडीची दारं?"

"लॉक. उतरून फोर्कलिफ्टखाली गेली तर?" त्याने सगळ्यांकडे बघितलं. मग जणू शेवटचा उरलेला माणूस म्हणून माझ्याकडे. "मामा, तुमी तरी सांगा. मी सेफच ठेवली ना त्यांना?"

 त्याने त्याच्या हिशेबाने खरंच तेच केलं होतं.

मृणाली उठली. ती ओरडेल असं मला वाटलं. ती सतरंजीवर जाऊन पूर्वीच्या मागे बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, घाम येतो तिथे.

मितेशची व्हॅन त्याच दिवशी बंद झाली. मॅडमनी नवी व्हॅन ठरवली, तिच्यात एक बाई बसते, आणि व्हॅन कुठे आहे ते आयाबापांना मोबाइलवर दिसतं. पण पूर्वी अजून व्हॅनला तयार नाही. मी तिला शेअर रिक्षाने नेतो आणतो, कडेला बसवतो, जिथे दार नसतं.

गावात माझं काय झालं म्हणाल, तर मला नीटसं कळलेलं नाही. मितेशची आई, रंगूबाई, नाक्यावर मासळी घेऊन बसते. मी गेलो की ती पाटी झाकते. मी जिताड्याचं नाव घेत नाही. काहीजण म्हणतात, तुळशीमामाने पोरांना वाचवलं. काहीजण म्हणतात, एका गरीब पोराचं पोट मारलं. दोन्ही खरं वाटतं. चहाच्या टपरीवर परवा मी मिशीची गोष्ट काढली. आधी लोक म्हणायचे, मंग? आता एकजण म्हणाला, "मामा, हे खरं का खोटं?" त्याने गंभीरपणे विचारलं. बाकीचे पण उत्तरासाठी थांबले. साठ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी चहा संपवला आणि उठून आलो.

पूर्वीच्या दप्तरात चिंचोके असतात. रिक्षात मी काही बोललो की ती एक बाहेर काढते. "आबा, कुणाच्या ढिगात?" मी म्हणतो, माझ्या, ती तो माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकते आणि मग मजेत ऐकते. घरी येईपर्यंत खिसा जड होतो. ठकुबाई धुवायच्या आधी तो उलटा करते आणि पुटपुटते.

काल रविवार होता. ओटीवर बसलो होतो. पूर्वी आंघोळीला गेली आणि मला मोरीच्या दाराची कुरकुर ऐकू आली. आधी अर्धी, मग थांबली. मग उरलेली. दार लागलं. कडीचा आवाज आला नाही, नुसतं दार.

ठकुबाईने चुलीपुढून माझ्याकडे बघितलं. मी उठून मोरीच्या दाराशी गेलो आणि उंबऱ्यावर बसलो.

"आबा, बाहेर आहात ना?"

"हाय."

आत तांब्या पाण्यात बुडाला. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "कुणाच्या ढिगात?"

माझ्या तोंडात केवढं काय काय आलं. की मी एकटा नाही, माझ्या बाजूला तो जिताडाही बसलाय, पोटात कंदील घेऊन. तुझ्या दाराच्या फटीतून येतोय तो उजेड त्याचाच आहे. चांगली निघाली असती.

"तुझ्या," मी म्हणालो.

आत पाणी पडायला लागलं. मी तिचा टॉवेल गुडघ्यावर घेऊन बसून राहिलो.